विजेवरच्या रिक्षा-टॅक्सीसाठी मागणीपत्र: बदलाचा भार आणि लाभ यांची रास्त वाटणी व्हावी

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: मा. परिवहन आयुक्त, मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, पुणे, मा. आयुक्त, पुणे व पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, मा. मुख्य अभियंता, महावितरण, पुणे परिमंडल.

विषय: रिक्षा, टॅक्सी व शेअर प्रवासी वाहतुकीतील ई-वाहन धोरण एका गाडीवर पोट असलेल्या चालक-मालकाला परवडेल असे करण्याबाबत.

महोदय,

आम्ही पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील ऑटोरिक्षा, टॅक्सी आणि शेअर वाहतूक करणाऱ्या चालक-मालकांची संघटना आहोत. आमच्या बहुतेक सभासदांकडे एक बॅज, एक परवाना आणि एकच गाडी आहे. ती गाडी बंद पडली की घरची चूल अडते. शासनाच्या ई-वाहन धोरणाबद्दल आमची बाजू नीट मांडावी, म्हणून हे मागणीपत्र सादर करत आहोत.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, की विजेवरच्या गाडीला आमचा विरोध नाही. स्वारगेट, हडपसर, हिंजवडीच्या कोंडीत दहा-बारा तास धूर गिळतो तो चालकच. सीएनजी पंपावरच्या रांगेत धंद्याचे तास घालवतो तोही चालकच. पेट्रोलवरून सीएनजीवर जाण्याचा बदल आमच्याच पिढीने स्वतःच्या खिशातून केला आहे, त्यामुळे बदलाची आम्हाला सवय आहे. या वेळी आमचे म्हणणे एवढेच आहे, की स्वच्छ हवेचा लाभ सगळ्या शहराला मिळणार असेल, तर त्याचा खर्च एकट्या चालकाच्या हप्त्यात घालू नये.

धोरण आज कुठे आहे

राज्याचे पहिले ई-वाहन धोरण २०१८ मध्ये आणि दुसरे जुलै २०२१ मध्ये आले. मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेले तिसरे धोरण २०३० पर्यंत लागू असून त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात तीनचाकी प्रवासी वाहनाला किमतीच्या १० टक्के, पण कमाल ३० हजार रुपये, तर प्रवासी वाहतुकीच्या चारचाकीला कमाल २ लाख रुपये सवलत आहे. मोटार वाहन कर माफ आहे. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. या तरतुदींचे आम्ही स्वागत करतो.

धोरणातील टोलमाफी मात्र कोणाला उपयोगी पडते ते पाहावे. अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ई-मोटारी व ई-बसना टोल माफ आहे. या तिन्ही रस्त्यांवर रिक्षाला प्रवेशच नाही. महामार्गावर दर २५ किलोमीटरला उभा राहणारा चार्जरही कात्रजहून मंडईला जाणाऱ्या रिक्षावाल्याच्या कामाचा नाही. म्हणजे लांब पल्ल्याच्या खासगी मोटारीचा विचार धोरणात तपशिलाने झाला. शहरात दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्या, आणि म्हणून विजेवर गेल्यास सर्वांत जास्त धूर वाचवणाऱ्या गाडीच्या वाट्याला ३० हजारांची सवलत आली.

केंद्राचा हातही आखडता झाला आहे. फेम-२ योजनेत प्रवासी वाहतुकीच्या ई-मोटारींना अनुदान होते. ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या १०,९०० कोटींच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मोटारींना जागाच नाही, म्हणजे टॅक्सी त्यातून सुटली. तीनचाकीला पहिल्या वर्षी प्रति किलोवॅट-तास ५,००० रुपये होते, दुसऱ्या वर्षी ते २,५०० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेला मार्च २०२८ पर्यंत मुदतवाढ देताना तीनचाकींची अंतिम तारीख ३१ मार्च २०२६ हीच ठेवण्यात आली. त्यातच सप्टेंबर २०२५ पासून सीएनजी रिक्षावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ग्राहकाला त्याचा फायदा झाला, पण ५ टक्के जीएसटी असलेल्या इलेक्ट्रिक रिक्षाची तुलनेतली सवलत तेवढी आटली. केंद्राचे अनुदान आटत असताना राज्याने पुढे यायला हवे.

हिशेब

चालक गाडी घेताना जो हिशेब मांडतो, तोच इथे मांडतो. आकडे अंदाजाचे आहेत. शासनाने ते आमच्यासमोर बसून तपासावेत.

रिक्षा दिवसाला १०० किलोमीटर धावते असे धरा. सीएनजी रिक्षा किलोला ३० किलोमीटर जाते आणि सीएनजीचा दर ८५ रुपये आहे असे धरले, तर दिवसाचा गॅस साधारण २८३ रुपयांचा होतो. इलेक्ट्रिक रिक्षाला तेवढ्याच अंतराला, चार्जिंगमधली गळती धरून, ८ युनिट लागतात असे माना. घरच्या मीटरवर युनिट १० रुपयांना पडले, तर दिवसाला ८० रुपये. सार्वजनिक चार्जरवर २० रुपयांना पडले, तर १६० रुपये. महिन्याचे २६ दिवस धंद्याचे धरले, तर घरी चार्ज करणाऱ्याचे सुमारे ५,२७५ रुपये वाचतात आणि बाहेर चार्ज करणाऱ्याचे सुमारे ३,२००.

एकाच कंपनीची, एकाच किमतीची गाडी आणि तेवढेच कष्ट. तरी महिन्याला दोन हजारांहून अधिक फरक पडतो. तो फक्त गाडी रात्री कुठे उभी राहते यामुळे. सोसायटीत स्वतःचे पार्किंग आणि स्वतःचा मीटर असलेल्याला विजेची गाडी परवडते. जनता वसाहत, कासेवाडी, येरवड्यात राहणाऱ्या चालकाची रिक्षा रात्री रस्त्याच्या कडेला किंवा एखाद्या ओळखीच्या दुकानासमोर उभी असते. तिथे वायर ओढली तर अपघाताची भीती, शेजाऱ्याच्या मीटरवरून घेतली तर बेकायदा, आणि सार्वजनिक चार्जरवर गेले तर बचतीतला मोठा वाटा तिथेच जातो. चार्जिंगला रांग असली तर धंद्याचे दोन तास जातात, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. उरलेल्या तीन हजारांतून चढ्या किमतीचा वाढीव हप्ता, महागडा विमा आणि उद्या येणारा बॅटरीचा खर्च भागवायचा आहे.

आमच्या सर्व मागण्या या हिशेबातून निघाल्या आहेत.

मागण्या

१. अनुदानात पहिला हक्क एका गाडीच्या चालक-मालकाचा असावा.

तीनचाकी प्रवासी वाहने व टॅक्सी यांच्या राज्य अनुदानातील किमान निम्मी रक्कम वैध बॅज आणि परवाना असलेल्या, स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. प्रोत्साहन 'आधी येईल त्याला आधी' या तत्त्वावर वाटले, तर एका दिवसात शेकडो गाड्यांची मागणी नोंदवणारी कंपनी पुढे जाते आणि बँकेच्या दारात उभा असलेला चालक मागे राहतो.

सवलत गाडीच्या बिलावर वेगळ्या ओळीत दाखवावी आणि खरेदीच्या वेळीच किमतीतून वजा व्हावी. 'अनुदान नंतर खात्यात येईल' असे सांगून पूर्ण किंमत कर्जात घातल्याचा अनुभव आमच्या सभासदांना आला आहे. जे अनुदान आलेच नाही, त्यावरही त्यांनी व्याज भरले. उत्पादकाने सवलत आधी द्यावी आणि शासनाने ती ठरावीक मुदतीत उत्पादकाला चुकती करावी. दोघांमधल्या विलंबाचा भुर्दंड ग्राहकाला बसू नये.

जुनी पेट्रोल किंवा सीएनजी रिक्षा मोडीत काढून विजेवरची घेणाऱ्याला वाढीव सवलत मिळावी, आणि त्याचा मूळ परवाना तसाच कायम राहावा.

२. पिंक ई-रिक्षाचा आर्थिक साचा सर्व बॅजधारकांना लागू करावा.

महिलांसाठीच्या पिंक ई-रिक्षा योजनेत राज्य २० टक्के देते, लाभार्थी १० टक्के भरतो आणि ७० टक्के बँकेचे कर्ज असते. ही रचना आम्हाला व्यवहार्य वाटते. महिला चालकांचा कोटा जसा आहे तसा ठेवून हीच रचना, स्वतंत्र निधीसह, सर्व परवानाधारक चालकांना खुली करावी.

इलेक्ट्रिक रिक्षेला कर्ज देताना वित्तसंस्था कचरतात, कारण जुनी गाडी बाजारात कितीला विकली जाईल याची त्यांना खात्री नसते. म्हणून त्या व्याज चढे लावतात आणि मुदत कमी देतात. मुदत कमी म्हणजे हप्ता मोठा. राज्याने अशा कर्जातील पहिल्या नुकसानीची ठरावीक टक्क्यांपर्यंत हमी घ्यावी आणि व्याजात सूट द्यावी. कर्जाची मुदत बॅटरीच्या वॉरंटीशी जुळवावी, म्हणजे वॉरंटी संपल्यावर हप्ता उरणार नाही. ऑटोरिक्षा व मीटर टॅक्सीचालकांसाठीच्या कल्याणकारी मंडळाने या योजनेची नोडल यंत्रणा व्हावे. मंडळाला मेळाव्यांच्या पलीकडे काम त्यामुळे मिळेल.

३. चार्जिंगची जागा चालक जिथे थांबतो तिथे असावी.

(अ) अधिकृत रिक्षा स्टँडवर शेड आणि मीटर असलेले साधे १६ अँपिअरचे सॉकेट द्यावेत. रिक्षेला महागडा वेगवान चार्जर लागत नाही. तीन-चार तासांचा भरवशाचा प्लग पुरतो. दुपारी एक ते चार धंदा मंदावतो आणि चालक स्टँडवरच डबा खातो. तीच चार्जिंगची वेळ ठरू शकते.

(आ) रात्रीसाठी वस्तीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर महापालिकेची वाहनतळे, मंडया आणि रात्री रिकामी राहणारी शाळांची मैदाने चालकांसाठी राखून ठेवावीत. पीएमपीएमएलच्या विजेवरच्या बस २०१९ पासून भेकराईनगर आणि निगडी डेपोतून धावत आहेत. तिथे उच्चदाब वीजजोडणी आधीच आहे. बसचे चार्जर रिक्षेला चालत नाहीत हे आम्ही जाणतो. डेपोच्या कुंपणालगत, बसच्या वाटेत न येणारी सॉकेटची एक रांग द्यावी, एवढीच मागणी आहे. हीच सोय एसटी आगारे आणि मेट्रो स्थानकांच्या वाहनतळांवर करता येईल.

(इ) सोसायटीत किंवा चाळीत राहणाऱ्या चालकाने स्वखर्चाने स्वतंत्र मीटर मागितला, तर तो ठरावीक दिवसांत द्यावा. सुरक्षेची अट पूर्ण होत असताना कोणत्याही सोसायटीला नुसत्या ठरावाने तो नाकारता येऊ नये.

(ई) चार्जिंगसाठी राखलेल्या जागेवर खासगी मोटार उभी राहिली, तर वाहतूक पोलिसांनी ती उचलावी. तसे झाले नाही, तर चार्जर असून नसल्यासारखाच.

४. वीजदर धंद्याच्या वेळा पाहून ठरवावा.

केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक चार्जिंगची वीज सौर तासांत स्वस्त आणि इतर वेळी महाग ठेवायची आहे. ग्रिडच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण दिवसा गाडी रस्त्यावर असते आणि रात्री चार्ज होते. त्यामुळे महाग वीज प्रवासी वाहनाच्या वाट्याला येते आणि स्वस्त वीज दिवसा कार्यालयाच्या वाहनतळात उभ्या असलेल्या मोटारीला मिळते. म्हणून दुपारच्या सौर तासांचा लाभ घेता यावा यासाठी स्टँडवर चार्जिंग हवे, आणि नोंदणीकृत प्रवासी वाहनांसाठी रात्रीच्या दराला मर्यादा हवी. राज्य शासनाने हा प्रस्ताव महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे स्वतःहून मांडावा.

चार्जिंग सेवेवर आज १८ टक्के जीएसटी आहे. गाडीवर ५ टक्के आणि तिच्या इंधनावर १८ टक्के, ही विसंगती आहे. घरी चार्ज करणाऱ्याला हा कर लागत नाही, घर नसलेल्याला लागतो. राज्याने जीएसटी परिषदेत हा दर ५ टक्क्यांवर आणण्याची मागणी करावी. चार्जरवर प्रति युनिट एकूण दर ठळक लिहिणे चार्जिंग केंद्र चालवणाऱ्यांवर बंधनकारक करावे.

५. भाडेसूत्रात विजेवरच्या गाडीचा खरा खर्च धरावा.

रिक्षा-टॅक्सीचे भाडे आधी हकीम समितीच्या आणि नंतर खटुआ समितीच्या सूत्रावर ठरत आले आहे. दोन्ही वेळी समोर इंधनावरची गाडी होती. विजेवरच्या गाडीचा रोजचा खर्च कमी, पण सुरुवातीची किंमत जास्त आणि बॅटरीचा खर्च एकदम येणारा असतो. नुसते 'इंधन' पाहिले, तर उद्या कोणी म्हणेल की विजेची रिक्षा स्वस्तात चालते, मग भाडे कमी करा. तसे झाले तर गाडी बदलणाऱ्यालाच शिक्षा होईल. म्हणून बॅटरीची झीज, वाढीव विमा, चार्जिंगमध्ये गेलेला वेळ आणि सार्वजनिक चार्जरचा दर धरून स्वतंत्र अभ्यास करावा. तो होईपर्यंत इलेक्ट्रिक रिक्षाचे मीटरभाडे सीएनजी रिक्षाइतकेच राहावे. पुण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये हा दर ठरला होता. त्यानंतरच्या वर्षांत सुटे भाग, विमा आणि घरखर्च कुठे गेला, हे प्राधिकरणाला वेगळे सांगायला नको.

६. परवानामुक्ती म्हणजे संख्येची मोकळीक नव्हे.

केंद्राने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने बॅटरीवरील प्रवासी वाहनांना परवान्यातून सूट दिली. सूट गाडीला मिळाली, पण रस्त्यावरचे प्रवासी तेवढेच राहिले. एखाद्या मार्गावर शंभर रिक्षांपुरता धंदा असेल आणि तिथे विजेवरच्या आणखी शंभर आल्या, तर सगळ्यांचे रिकामे फेरे वाढतात, कोंडी वाढते आणि नव्या गाडीचा हप्ताही निघत नाही. जुनी गाडी रस्त्यावरून गेली तरच हवा सुधारेल. तिच्याशेजारी नवी उभी करून काही साधणार नाही. म्हणून प्रत्येक शहरात प्रवासी व वाहनांचा अभ्यास करून संख्येचे धोरण ठरवावे आणि त्यात 'जुनीच्या जागी नवी' या पद्धतीला अग्रक्रम द्यावा.

ई-बाइक टॅक्सीच्या २०२५ च्या नियमांत सेवा चालवण्यासाठी किमान ५० गाड्यांच्या ताफ्याची अट आहे. या अटीमुळे हा धंदा आपोआप भांडवलवाल्याकडे जातो. परवानाधारक चालकांच्या सहकारी संस्थेने सभासदांच्या गाड्या मिळून ही संख्या भरली, तर तिलाही परवाना मिळावा, अशी स्पष्ट तरतूद करावी. तसेच बाइक टॅक्सी पिवळी आणि विजेवरचीच असावी हा नियम कागदावर ठेवून खासगी पेट्रोल दुचाकी प्रवासी नेत असतील, तर कारवाई अ‍ॅप चालवणाऱ्यावर व्हावी.

७. अ‍ॅपवाल्या कंपन्यांना उद्दिष्ट द्यावे, पण खर्चासह.

दिल्लीने २०२३ च्या योजनेत अ‍ॅग्रिगेटर आणि घरपोच सेवा कंपन्यांना १ एप्रिल २०३० पर्यंत संपूर्ण ताफा विजेवर नेण्याचे टप्पे घालून दिले. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने २०१८ च्या कायद्याने आणि २०२१ च्या नियमांनी अशा कंपन्यांच्या एकूण धावेपैकी ९० टक्के धाव २०३० पर्यंत विजेवर आणण्याचे ठरवले. तिथे गाड्यांऐवजी किलोमीटर मोजतात, ही पद्धत आम्हाला जास्त खरी वाटते, कारण कागदावर नोंदलेली पण उभी राहिलेली ई-गाडी त्यात चालत नाही. त्याच कायद्यात कमी व मध्यम उत्पन्नाच्या चालकांवर विपरीत परिणाम कमीत कमी व्हावा, अशीही अट आहे. महाराष्ट्राने उद्दिष्ट घ्यावे आणि ही अटही घ्यावी.

कंपनीकडे स्वतःची गाडी नसते. तिला दिलेले उद्दिष्ट शेवटी 'विजेची गाडी आण, नाहीतर काम नाही' या शब्दांत चालकापर्यंत येते. म्हणून:

(अ) उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी चालकाला गाडी घ्यावी लागत असेल, तर हप्त्याचा ठरावीक वाटा कंपनीने उचलावा, किंवा ई-गाडीच्या फेरीवर कमिशन घेऊ नये.
(आ) भाड्यातील किमान ८० टक्के चालकाला देण्याचा राज्याच्या मे २०२५ च्या अ‍ॅग्रिगेटर धोरणातील नियम प्रत्येक फेरीच्या पावतीवर दिसावा.
(इ) चार्जिंगसाठी ऑफलाइन गेलेल्या चालकाचे गुणांकन घसरू नये, आणि उरलेल्या चार्जमध्ये न बसणारी लांबची फेरी नाकारल्यास दंड लागू नये.
(ई) ग्राहकाकडून 'ग्रीन' म्हणून जादा आकार घेतला जात असेल, तर तो पूर्ण चालकाकडे जावा.

८. सार्वजनिक पैसा कोणाच्या हाती जातो ते पाहावे.

सेबीने १५ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या अंतरिम आदेशात एक हिशेब आहे. जेन्सॉल इंजिनिअरिंगने इरेडा आणि पीएफसी या सरकारी वित्तसंस्थांकडून घेतलेल्या ९७७.७५ कोटींपैकी ६६३.८९ कोटी रुपये ६,४०० ई-मोटारींसाठी होते. प्रत्यक्षात ४,७०४ घेतल्या गेल्या. या मोटारी ब्लूस्मार्ट या टॅक्सीसेवेला भाड्याने दिल्या जात. आदेशानंतर लगेच ब्लूस्मार्टची सेवा थांबली आणि दिल्ली, बेंगळुरूचे तिचे चालक एका रात्रीत बेकार झाले. ते सगळे ई-गाडीच चालवत होते, पण गाडी त्यांच्या नावावर नव्हती.

ज्याच्या नावावर गाडी असते, तो मंदीतही ती सोडून जात नाही. म्हणून शासकीय कर्ज किंवा सवलत घेणाऱ्या मोठ्या ताफ्यांना तीन अटी घालाव्यात: गाड्यांची तपासणी सार्वजनिक असावी, ठरावीक वर्षांनी गाडी चालकाच्या नावावर होण्याचा पर्याय असावा, आणि सेवा बंद पडल्यास चालकांची देणी आधी चुकवावीत.

९. बॅटरी, दुरुस्ती आणि जुन्या गाडीची किंमत.

एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचे मानक लागू आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण बॅटरीत किती दम उरला, हे चालकाला कळत नाही. ते फक्त कंपनीच्या यंत्रावर दिसते. पासिंगच्या वेळी बॅटरीच्या क्षमतेचे प्रमाणपत्र द्यावे. ते हातात असले, की जुन्या गाडीला किंमत येईल आणि बँकेलाही भरवसा वाटेल. वॉरंटीची अट व्यावसायिक धावेनुसार असावी. विक्रेत्याने जिल्ह्यात सेवा केंद्र आणि सुटे भाग ठेवले नाहीत, तर त्याच्या गाडीला राज्याची सवलत मिळू नये. गाडी वॉरंटीत आठवड्याहून अधिक बंद राहिली, तर त्या दिवसांचा हप्ता उत्पादकाने भरावा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. तिची परतीची किंमत विक्रीच्या वेळीच लेखी द्यावी. आज गॅरेजमध्ये इंजिनाचे काम करणाऱ्या मेकॅनिकसाठी आयटीआयमध्ये संध्याकाळचे अल्प मुदतीचे वर्ग सुरू करावेत, कारण या बदलात त्यांचाही धंदा जाणार आहे.

१०. तालुक्याच्या गाड्यांना तारीख लावण्याआधी पर्याय द्यावा.

वडाप, काळी-पिवळी जीप आणि गावोगावची शेअर रिक्षा ही ग्रामीण महाराष्ट्राची खरी वाहतूक आहे. तेवढे प्रवासी, तेवढे सामान आणि घाटरस्ता झेपणारी, परवडणारी विजेची गाडी आणि तालुक्याच्या ठिकाणी चार्जिंग, या दोन्ही गोष्टी उभ्या राहिल्याशिवाय तिथे सक्तीची तारीख जाहीर करू नये. शहरातही सक्ती करायचीच असेल, तर ती नव्या नोंदणीपुरती असावी. लंडनने १ जानेवारी २०१८ पासून केवळ नव्याने परवाना घेणाऱ्या टॅक्सींना शून्य उत्सर्जनाची क्षमता सक्तीची केली आणि जुनी डिझेल टॅक्सी सोडणाऱ्याला पैसे दिले. रस्त्यावरच्या चालू गाडीचे आयुष्य कागदावर कापू नये.

११. निर्णयाच्या टेबलावर चालकाला खुर्ची द्यावी.

धोरणाच्या अंमलबजावणीसाठीच्या राज्य व जिल्हा समित्यांत चालक-मालक संघटनांचे प्रतिनिधी घ्यावेत, त्यात किमान एक महिला चालक असावी. अनुदान कोणत्या गटाला किती मिळाले, चार्जर किती बसले आणि त्यांतले चालू किती, याची माहिती दर तिमाहीत प्रसिद्ध करावी.

माथेरानचा दाखला

आम्ही मागतो ते अवास्तव आहे, असे कोणी म्हणू नये, यासाठी राज्यातलेच उदाहरण देतो. माथेरानमध्ये हातरिक्षा ओढणारे ९४ परवानाधारक होते. ई-रिक्षाची चाचणी तिथे डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. ई-रिक्षा कोणाला द्यायच्या, यावर वाद न्यायालयात गेला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले आणि त्याच आदेशात गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा खरेदी करून त्या हातरिक्षाचालकांना भाड्याने देण्याची योजना आखावी, असे म्हटले. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

जुने साधन काढून घ्यायचे असेल, तर नवे साधन आधी त्याच माणसाच्या हाती द्यायला हवे, हा त्या आदेशाचा अर्थ आहे. डोंगरावरच्या ९४ जणांना लागू झालेला न्याय सपाटीवरच्या लाखो चालकांना लागू होऊ नये, याचे कारण आम्हाला सापडत नाही.

आमची बाजू

मागणी करणाऱ्याने आपले कर्तव्यही सांगावे. वरील सोयी झाल्या तर आमचे सभासद पुढील जबाबदाऱ्या घेतील. नवी गाडी घेताना विजेवरच्या गाडीला पहिली पसंती देऊ. स्टँडवरील चार्जिंगची देखभाल आणि पाळ्या स्टँड समित्या सांभाळतील. सवलतीत घेतलेली गाडी ठरावीक काळ विकणार नाही. धाव आणि चार्जिंगची माहिती धोरणाच्या अभ्यासासाठी खुली करू. जवळचे भाडे नाकारणे आणि मीटर न टाकणे याविरुद्धच्या तक्रारींवर संघटना स्वतः कारवाई करील. प्रवाशांचा आमच्यावरचा राग आम्ही ऐकतो, आणि स्वच्छ गाडीबरोबर स्वच्छ व्यवहारही आला पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे.

मुदत

मागणी १, ३ (अ) व (ई), ५ मधील भाडे न घटवण्याचा आदेश, ७ (इ) आणि ११ यांसाठी नवा कायदा लागत नाही. शासन निर्णय आणि स्थानिक प्राधिकरणाचा आदेश पुरेसा आहे. यांवर ६० दिवसांत निर्णय व्हावा. कर्ज हमी, वीजदर, बॅटरी प्रमाणपत्र आणि ताफ्यांच्या अटी यांसाठी पुढील अर्थसंकल्पात तरतूद आणि कालबद्ध कार्यक्रम जाहीर व्हावा. त्याआधी ३० दिवसांत आपल्या अध्यक्षतेखाली परिवहन, ऊर्जा, नगरविकास व वित्त या चारही विभागांची संयुक्त बैठक घ्यावी आणि आम्हाला तिचे निमंत्रण द्यावे. एका विभागाने दुसऱ्याकडे बोट दाखवल्यामुळेच आजवर चार्जरचा खांब उभा राहूनही त्यात वीज आलेली नाही, अशी ठिकाणे आम्ही आपल्याला दाखवू शकतो.

बैठकीत आम्ही आमचा हिशेब घेऊन येऊ. आपल्या अधिकाऱ्यांनी त्यांचा आणावा. दोन्ही जुळले तर निर्णय अवघड नाही. प्रतिसाद मिळाला नाही, तर सनदशीर मार्गाने आंदोलन करण्याचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवतो. तो वापरण्याची वेळ शासनाने येऊ देऊ नये, अशी विनंती आहे.

आपले विश्वासू,

अध्यक्ष, सरचिटणीस व कार्यकारिणी सदस्य,
ऑटोरिक्षा, टॅक्सी व शेअर वाहतूक चालक-मालकांची संघटना,
पुणे व पिंपरी-चिंचवड